वहिनीचे लावे

आमच्या घरात दार उघडत नसत, काढत. बाहेरून कुणी कडी वाजवली की आई शिलाई मशीनवरून मान न वळवता ओरडायची, "पुट्टी, दार काढ गं," आणि मी उठून दार काढायची. आमचे पूर्वज बंगळुरात केव्हा आले हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. तीनशे वर्षं म्हणत, कुणी त्याहून जास्त म्हणत. घरात मराठी आणि फाटकाबाहेर कन्नड अशी आमची विभागणी होती. कन्नडमध्ये दार उघडायला आणि वस्तू काढायला एकच क्रियापद आहे. ते कधीतरी आमच्या बोलण्यात शिरलं आणि मराठी होऊन बसलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. दार काढणं म्हणजे ते बिजागरीतून उचकटून बाजूला ठेवणं, असा अर्थ कुणाच्या मनात येऊ शकतो हे मला वयाच्या सतराव्या वर्षी कळलं, वहिनी घरात आली तेव्हा.

वहिनी चिंचवडची. नाव शुभांगी. माझा थोरला भाऊ, ज्याला मी अण्णा म्हणायची, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याचं लग्न वैशाखात झालं. लग्नानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. कडी वाजली, आई म्हणाली, "शुभा, दार काढ गं." वहिनी उठली, दाराशी गेली, वरपासून खालपर्यंत दार पाहिलं, एक बिजागरी बोटानं चाचपली आणि परत येऊन अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "काढून कुठे ठेवू?" आई इतकी हसली की मशीनवरचा दोरा तुटला. बाहेर शेजारची गौरम्मा ब्लाउजचं माप घेऊन उभी होती, तिला आत घेऊन आईनं ते कन्नडमधून सांगितलं. पुढच्या महिन्याभरात आमच्या सगळ्या नातेवाइकांना ते ठाऊक झालं. "ही आमची पुण्याची सून, दार काढून कुठे ठेवू विचारते." पहिल्या दोन वेळा वहिनीही हसली. तिसऱ्या वेळी ती चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

वहिनीला जाऊन आता चार महिने झाले. हे मी सावकाश लिहिते आहे, दिवसाला एक पान, कधी अर्धंच. घाई केली तर ती लवकर संपेल असं वाटतं.

आमचं घर इंदिरानगरच्या मागच्या अंगाला, तिप्पसंद्र्याकडे होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याचा व्हरांडा. व्हरांड्याच्या पलीकडे रिकाम्या साइट होत्या. बंगळुरात घराच्या मोकळ्या प्लॉटला साइट म्हणतात. कुणीतरी विकत घेऊन ठेवलेल्या, गवत माजलेल्या, कोपऱ्यात दगड रोवलेल्या त्या साइट आज शोधूनही सापडणार नाहीत. तिथे आता चार-चार मजले आहेत आणि तळाला कॉफीची दुकानं. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई घरी ब्लाउज शिवायची. सकाळी सहाला अण्णा कारखान्याच्या बसनं गेला की मशीन सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत, मध्ये फक्त जेवणापुरतं थांबायचं. त्या आवाजात आम्ही वाढलो, त्यामुळे घरात सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलायचे. वहिनीला वाटायचं आपल्यावर ओरडताहेत. जेवणात रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, त्यावर सारू म्हणजे तिखट सार, भात, रविवारी मटण. वहिनीनं पहिल्यांदा तिच्या पद्धतीची चिंचगुळाची आमटी केली तेव्हा आईनं एक घास घेऊन विचारलं, "हे काय, पायस केलंस?" पायस म्हणजे खीर. आईच्या मनात वाईट काही नव्हतं. ती सगळ्यांनाच असं बोलायची. पण आम्हाला ते ऐकत मोठं व्हायला सतरा वर्षं मिळाली होती, वहिनीला तीन महिने.

श्रावणात एका संध्याकाळी अण्णानं जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून पुठ्ठ्याचा एक खोका काढला. आत लाकडाच्या भुशात दोन डझन अंडी होती. सुपारीहून थोडी मोठी, मातकट पांढरी, त्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. त्याच्याबरोबर काम करणारा सेल्वम होसूरकडचा होता, त्याच्या सासऱ्यानं पाळलेल्या पक्ष्यांची ती अंडी.

"काडै म्हणतात," अण्णा म्हणाला. "उकडून खायची. ताकद येते म्हणे."

वहिनी पुढे झाली. "अय्या, ही तर लाव्याची अंडी!"

"काय लावायचं?" आईनं विचारलं.

"लावा, आई. लावा."

"अगं पण काय लावू? गॅस?"

आम्ही सगळे हसलो आणि तेवढ्या संध्याकाळी वहिनीसुद्धा आमच्याबरोबर हसली. मग तिनं एक अंडं उचलून उजेडासमोर धरलं आणि अण्णाकडे न बघता म्हणाली, "खायच्या ऐवजी उबवून बघू या का?" तिनं प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि शेवटच्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोंबडीची अंडी उबवली होती. हे आमच्या घरात तोवर कुणी तिला विचारलेलंच नव्हतं. अण्णा म्हणाला, पण उबवायला कोंबडी कुठाय. त्यावर वहिनी म्हणाली की कोंबडी नकोच, ती जड पडते, ही अंडी तिच्याखाली फुटतात; आणि लाव्याची मादी स्वतः बसत नाही, माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पाळल्यावर ती उबवायचं विसरून गेली आहे. आई सुईत दोरा ओवत होती. ती थांबली. "आपली अंडी विसरली? कसली ही आई!" असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून जुन्या मशीनची लाकडी पेटी तिनं स्वतः खाली काढून दिली.

ती पेटी म्हणजे आमचं उबवणी यंत्र. वहिनीनं तिला आतून थर्माकोल लावला, बाजूला चार भोकं पाडली, चाळीसचा बल्ब सोडला आणि त्याच्या आड पत्र्याचा तुकडा उभा केला. आत पाण्याची वाटी आणि ओलं फडकं. उष्णता मोजायला घरात ताप पाहायचा थर्मामीटर होता. शंभराच्या किंचित खाली पारा राहायला हवा होता. पण तो थर्मामीटर एकदा चढला की उतरत नाही, प्रत्येक वेळी झटकावा लागतो. त्यामुळे वहिनी दिवसभर पेटीशेजारी हात झटकत उभी असायची, आणि आई मशीनवरून विचारायची, "उतरला का गं ताप पोरांचा?" मी तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. कॉलेजच्या वाचनालयातून कुक्कुटपालनावरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, त्यात लाव्यांवर दीड पान होतं. सतरा दिवस लागतात हे त्यात मिळालं. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, त्यासाठी खूण हवी, पण त्या ठिपक्यांत पेन्सिलीची खूण दिसेना. आईनं तिचा कापडावर रेघा मारायचा निळा खडू दिला. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला काही नाही. दुपारी दोन-दोन तास करंट जायचा, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवायच्या. या कामात वहिनीला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. उलट आम्हीच तिला विचारायचो. आता फिरवायची का? ओलं फडकं पुरे का? तिचा आवाज त्या सतरा दिवसांत हळूहळू वर आला, मशीनच्या आवाजाला पुरेल इतका.

तेरा पिल्लं झाली. अंगठ्याच्या पेराएवढी, पिवळी, पाठीवर तपकिरी पट्टे, आणि सुकताक्षणी धावायला लागणारी. पहिल्याच दिवशी एक पिल्लू बशीतल्या पाण्यात बुडून मेलं. बशीत पाणी नखभरच होतं. वहिनी ते हातात घेऊन बसली होती. आईनं बटणांचा डबा उपडा केला, कोटाची मोठी बटणं निवडली आणि बशीच्या तळाशी पसरली, म्हणजे पिल्लांना बटणांमधल्या फटींतून पाणी पिता येईल पण पाय घसरून पडता येणार नाही. त्यानंतर एकही बुडालं नाही. एक मात्र पायानं अधू निघालं आणि चौथ्या दिवशी गेलं. राहिली अकरा. त्यांना मिक्सरमधून बारीक केलेलं कोंबडीचं खाद्य आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा. "अंड्यालाच अंडं खायला घालताय," आई नाक मुरडायची, पण अंडं सोलून द्यायची तीच.

तीन आठवड्यांनी अण्णानं दोन रविवार खपून व्हरांड्यात पिंजरा केला. फळांची खोकी, जाळी, समोर हात घालण्यापुरतं एक छोटं दार. लावे घाबरले की सरळ वर उडतात, दगड फेकल्यासारखे, आणि छपराला आपटून त्यांची डोकी फुटतात. म्हणून छप्पर कापडाचं हवं, असं वहिनी म्हणाली. आईनं लाकडी चौकटीवर जाड कापड सैलसर ताणून शिवलं. ती चौकटच बिजागरीवर बसवली होती. पिंजरा धुवायचा असेल तेव्हा पक्षी टोपलीखाली झाकून ती चौकट वर करायची. तिला आम्ही वरचं दार म्हणायचो. समोरच्या दारावर वारा लागू नये म्हणून एक गोणपाट टांगलेलं असायचं.

त्याच दिवसांत मी वहिनीला आमची भाषा शिकवायला घेतली. मला पुस्तकं आणि याद्या यांचंच वेड होतं. एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे 'आमचं' आणि उजवीकडे 'तुमचं' लिहिलं. दार काढणे, दार उघडणे. स्वल्प, थोडं. सरी, बरं. वहिनी ते शाळकरी मुलीसारखं पाठ करायची. तिला लवकर येऊ लागलं. एकदा आई म्हणाली, "कपाट काढ," आणि वहिनीनं ते सहज उघडून दिलं. आईच्या ते लक्षातही आलं नाही. मला मात्र परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

नवरात्र संपल्यावर एका दुपारी आम्ही दोघी गच्चीत मिरच्या वाळत घालत होतो. वहिनी म्हणाली, "पुट्टी, एक सांगते, कुणाला बोलायचं नाही. दिवाळीला चिंचवडला गेले की मी परत येणार नाही."

माझ्या हातातल्या मिरच्या तशाच राहिल्या. "अण्णानं काही केलं?"

"छे गं. ते चांगले आहेत. सातला येतात, जेवतात, दमून झोपतात. त्यांनी काय करायचं?" मग मिरच्यांखालचं फडकं सरळ करत, "मी बडबडी होते, माहीतय? माझी आई म्हणायची हिला गप्प बसवायला पैसे द्यावे लागतील. इथं मराठीच बोलतात म्हणून तर बाबांनी होकार दिला. आणि इथंच मला तोंड उघडायची भीती वाटते. कन्नड असतं तर परकं म्हणून शिकले असते. हे माझंच आहे आणि मला येत नाही."

मी हातातल्या मिरच्या पसरायला घेतल्या. मला भलतीच आशा होती की माझी वही पुरी झाली की सगळं ठीक होईल. सतराव्या वर्षी शब्दांवर एवढा विश्वास असतो.

त्यानंतरच्या आठवड्यात तीन दिवस पावसाची भुरभुर होती. चौथ्या दिवशी, रविवारी, ऊन पडलं. आई मशीनवर, अण्णा नळाची दुरुस्ती करत होता, मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. वहिनी पिंजऱ्याजवळ खाद्य घालत होती. आतून मशीनच्या आवाजावर आईचा आवाज आला, "शुभा, दारावरचं काढ गं, ऊन येऊ दे आत."

मी ते ऐकलं आणि पान उलटलं. वहिनीचा हात वरच्या दाराकडे गेलेला मला दिसला. क्षणभर ती थबकली. मग तिनं चौकट उचलून मागे टाकली.

लावे उडाले. पाच-सहा एकदम, पंखांचा भर्र आवाज करत, सरळ वर, आणि मग व्हरांड्याच्या पत्र्याखालून तिरके साइटकडे. वहिनी ओरडली आणि चौकट पुन्हा खाली ओढून तिच्यावर अंगानं पडली. आई धावत आली, मांडीवरचं कापड तसंच पायात घोटाळत.

"काय केलंस हे! वरचं दार कशाला काढलंस?"

"तुम्हीच म्हणालात! दार वरचं काढ म्हणालात!"

"दारावरचं! दारावरचं गोणपाट काढ म्हटलं मी! एवढंही कळत नाही?"

वहिनी चौकट तशीच दाबून धरून उभी होती. रडत नव्हती. "आधी कळलं असतं," ती म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी तुम्ही काढ म्हणालात की मला काढूनच टाक असं कळायचं. तेव्हा मी गोणपाटच काढलं असतं. पुट्टीनं शिकवलं म्हणून आता मला काढ म्हणजे उघड असं ऐकू येतं."

"मग विचारायचं होतंस की, कुठलं दार म्हणून."

"विचारलं असतं तर हसला असतात."

मशीन बंद होतं. इतक्या भर दुपारी घरात तेवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी पुढे होऊन काहीतरी सांगू लागले, की चूक माझी आहे, मी वहीत अर्धाच अर्थ लिहिला, काढ आम्ही दोन्हीला म्हणतो. आईनं मला हातानं गप्प केलं. ती पायरीवर बसली आणि पायात अडकलेलं कापड सोडवू लागली. "म्हणजे हिनं आमच्यासारखं ऐकलं," असं ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

आत पाच पक्षी राहिले होते. अण्णा बादली घेऊन साइटमध्ये धावायला निघाला, त्याला वहिनीनं थांबवलं. धावलं तर ते गवतात दडून बसतील, पायाखाली येतील पण हलणार नाहीत. ते एकटे राहू शकत नाहीत, ती म्हणाली. पिंजराच साइटमध्ये नेऊन ठेवू. आतले हाका मारतील, बाहेरचे येतील. आपण गप्प बसायचं. मग अण्णा आणि मी पिंजरा उचलून गवताच्या मधोमध नेऊन ठेवला. चौघं तीन बाजूंना बसलो, आई आणि वहिनी एका बाजूला, त्याच गोणपाटावर. गौरम्मानं कुंपणापलीकडून विचारलं, "एनाय्तु? काय झालं?" आईनं तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आमच्या घरातल्या बाईनं गप्प बसायला सांगितलेलं गौरम्मानं आयुष्यात प्रथमच पाहिलं असेल.

तास गेला असेल. ऊन तिरपं झालं. पिंजऱ्यातल्या नरांना नुकताच कंठ फुटत होता. करवत लाकडात दोनदा ओढून तिसऱ्यांदा अडकावी तशी त्यांची हाक. ती गेली की गवतातून कुठूनतरी बारीक शीळ यायची. आई वहिनीच्या कानाशी पुटपुटली, "त्या दगडाकडे बघ. डोळे काढून बघ स्वल्प."

वहिनीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं आता ती रडते आहे. आईलाही तसंच वाटलं असावं, तिनं तिचा हात धरला. पण वहिनी हसत होती, पदर तोंडात कोंबून. "आई," ती कशीबशी म्हणाली, "आमच्याकडे डोळे काढणं म्हणजे..." आणि तिनं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेऊन उपटल्याची खूण केली.

आईनं ती खूण पाहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला. "अय्यो," ती म्हणाली, "म्हणजे सकाळी मी तुला उठवते तेव्हा..."

"रोज," वहिनी म्हणाली. "पहिले पंधरा दिवस रोज. शुभा, डोळे काढ, सात वाजले."

मग आई अशी हसली की आवाज होऊ नये म्हणून तिला स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबावं लागलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. इतके दिवस आमच्या घरात हसणारे आणि जिच्यावर हसायचं ती, असे दोन पक्ष होते. त्या गवतात आई पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. अण्णा पलीकडून खुणेनं विचारत होता की काय झालं. त्याच वेळी गवत हललं आणि एक मादी मान वर करून पिंजऱ्याच्या जाळीला येऊन चिकटली. आईनं तिच्यावर ब्लाउजच्या अस्तराचं कापड अलगद टाकलं. अंधार पडेपर्यंत चार परत आले. दोन आले नाहीत. मांजरांनी नेले असतील.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं, आणि नंतर घरात ती सांगितली जायची तेव्हा इथंच संपवली जायची. पण वहिनी ठरल्याप्रमाणे दिवाळीला गेली. पहिली दिवाळी, जावई म्हणून अण्णाही गेला, चार दिवस राहून एकटाच परत आला. "थोडे दिवस राहते म्हणाली," असं त्यानं सांगितलं आणि जेवायला बसला. आईनं त्याला वाढलं. नंतर भांडी विसळताना मला म्हणाली, "ती येणार नाही, होय ना?"

मी हातातलं ताट पुसत राहिले.

"जायच्या आधी तिनं अर्धे शिवलेले ब्लाउजसुद्धा मागून घेतले. बाह्या जोडलेल्या नाहीत, गळा नाही. परत येणारी बाई ते ठेवून जाते."

दिवाळीनंतरच्या आठवड्यात लाव्यांनी अंडी घालायला सुरुवात केली. दुपार कलली की पिंजऱ्यात एक, मग दोन, मग रोज तीन-चार. प्रत्येक मादीच्या अंड्यांवरचे ठिपके वेगळे असतात आणि ते बदलत नाहीत. एकीची मोठी डागाळ, एकीची राखेसारखी बारीक. मला ते पुस्तकात वाचूनही दिसलं नव्हतं. आईला छापील कापडाची नजर होती, तिला दुसऱ्याच दिवशी कुठलं अंडं कुणाचं ते कळायला लागलं. ती अंडी कोंड्यात टोक खाली करून ठेवायची आणि अण्णानं हात लावला की ओरडायची. सात दिवसांच्या वर ठेवलेलं अंडं सहसा उबत नाही, हे वहिनीनं आम्हाला सांगून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी आई पोस्टातून आंतर्देशीय पत्र घेऊन आली आणि मशीन बाजूला सारून लिहायला बसली.

आईला मराठी लिहिता येत नव्हतं. आमच्यात सगळ्यांचं शिक्षण कन्नडमधलं, मला देवनागरी आली ती शाळेतल्या हिंदीमुळे. आईनं कन्नड अक्षरांत मराठी लिहिलं. मी म्हटलं, "मला सांग, मी लिहून देते. वहिनीला ती अक्षरं येत नाहीत."

"तू लिहिलंस तर ते तुझ्यासारखं होईल," आई म्हणाली. मला फक्त पत्ता घालायला दिला, आणि तोही पत्र चिकटवून झाल्यावर.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी ऑटो थांबली. वहिनी ट्रंक घेऊन उतरली. आईनं तिला पाणी दिलं. ते पिऊन ती सरळ मागे गेली आणि कोंड्याची टोपली पाहिली.

"पहिल्याला किती दिवस झाले?"

"बारा," आई म्हणाली. "उपयोग नाही ना आता?"

"बघू या की," वहिनी म्हणाली, आमच्यासारखं. त्या अंड्यांतून पाच पिल्लं झाली. पुढे किती झाली, पिंजरे किती वाढले, ते इथं सांगत नाही. तीस वर्षं ती आमच्या घरात राहिली आणि आईच्या शेवटच्या आजारपणात आईचं अडखळतं बोलणं फक्त तिलाच कळायचं.

त्या पत्रात काय होतं हे मला आई गेल्यानंतर कळलं. वहिनीनंच सांगितलं. पत्र हातात पडलं तेव्हा तिला त्यातलं एक अक्षर लागेना, आणि चिंचवडच्या घरात कन्नड कुणालाच येत नव्हतं. ती ते घेऊन स्टेशनाजवळच्या उडपी हॉटेलात गेली. गल्ल्यावर गावाकडून नवाच आलेला एक माणूस होता, मराठीचा त्याला गंध नव्हता, हिंदी जेमतेम. त्यानं पहिली ओळ मनात वाचली, पुन्हा वाचली आणि हिंदीत म्हणाला की अक्षरं आमची आहेत, पण भाषा आमची नाही, मला अर्थ लागत नाही. वहिनी म्हणाली, अर्थ राहू द्या, नुसतं मोठ्यानं वाचा. मग तो पहिलीतल्या मुलासारखा एकेक अक्षर लावत, भलत्या जागी थांबत वाचत गेला, आणि हॉटेलातल्या कपबशांच्या आवाजात वहिनीला आई बोलताना ऐकू आली. शुभा, तीन जणी अंडी घालताहेत. चौथी उद्या घालेल. मी एकही उकडू दिलेलं नाही. पहिल्याला आज पाच दिवस झाले, सातच्या आत पेटीत ठेवायची असं तू म्हणाली होतीस. आम्हाला पेटी जमत नाही. मला येतं तेवढं मी केलं. पुढचं तू सांग, मी विचारते आहे, तू हसलीस तरी चालेल.

वाचून झाल्यावर त्या माणसानं मान वर केली आणि तो घाबरला. वहिनी गल्ल्याला धरून रडत होती, मागे बिल द्यायला लोक उभे होते.

"क्या हुआ, बहनजी?" त्यानं विचारलं. "कोई गुजर गया?"

"नहीं," वहिनी म्हणाली. "अंडों के बारे में है."